साताच्या अलीकडे

पाढेबाईंना पाढेबाई म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. शाळेत लागल्या तेव्हा त्यांनाही चारचौघींसारखं नाव होतं, पण वर्षभरातच ते पगारपत्रकापुरतं उरलं. चौथीचा वर्ग, सकाळचा पहिला तास आणि पाढे हे सगळं मिळून बाई. उशिरा येणाऱ्या मुलाला फाटकातच वरच्या मजल्यावरचा सूर ऐकू यायचा आणि आपली कितपत धडगत आहे ते कळायचं. नऊचा चालू असेल तर पळण्यात अर्थ होता. सोळाचा चालू असेल तर सावकाश जाऊन निमूट बोलणी खायची.

बाईंच्या हातात कधी छडी दिसली नाही. त्या खिडकीला पाठ टेकून उभ्या राहायच्या आणि वर्गाबरोबर स्वतः म्हणायच्या. एकेकट्याला उठवून पाढा विचारायचा त्यांना मनस्वी तिटकारा. एकटं पडलेलं मूल येत असलेलंही विसरतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि या मतापायी त्यांनी आजवर चार मुख्याध्यापकांशी वाद घातला होता. सगळ्यांनी मिळून एकेपासून दाहेपर्यंत चढायचं, मग दाहेपासून दोन पायऱ्या खाली उतरून बघायचं. आठ आणि नऊ अडले तर वरून खाली या, बाकीचं खालून वर, ही त्यांची युक्ती. मुलंही तसंच करायची, मोठी होऊन घरंदारं झाली तरी तसंच करायची.

अशा शाळेत एक दिवस टॅब आले. खोक्यांतून, थर्माकोलसकट, प्रत्येक मुलाला एक. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता. टॅबवर अंकगणिताचा एक ऑनलाइन कार्यक्रम होता आणि त्यात एक पेंग्विन. प्रश्न पडद्यावर आला की उत्तर द्यायचं, बरोबर आलं की पेंग्विन उडी मारतो, चुकलं की पंख हलवून पुन्हा कर म्हणतो आणि वेळ लावला की जांभई देतो. शेवटची गोष्ट ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मुलांशी कधी बोलायची वेळ आली नसावी.

कार्यक्रमाची जबाबदारी एका तरुण शिक्षिकेकडे होती. ती याच शाळेतली, बाईंच्याच हाताखालून गेलेली. चौथीत असताना ती प्रश्न पुरता फळ्यावर लिहून व्हायच्या आत उत्तर ओरडायची, म्हणून बाईंनी तिचं नाव घाई ठेवलं होतं. आता ती स्वतः मॅडम झाली, चष्मा लागला, तरी बाईंच्या तोंडी घाईच. तीही चारचौघांत "ओ" द्यायची.

बाई यंत्राच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. उलट पहिल्या आठवड्यातच त्यांना ते आवडून गेलं. फळ्यासमोर ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे अशी दोन-तीन मुलं टॅबवर भराभर बोटं चालवू लागली. एक मुलगी तर मधल्या सुट्टीतही पेंग्विनला सोडेना. बाईंनी घाईला शाबासकी दिली आणि आपला सकाळचा तास नेहमीसारखा चालू ठेवला.

महिन्याभराने मात्र घाई कपाळाला आठ्या घालून शिक्षकखोलीत आली. तिने टॅब बाईंसमोर धरला. पडद्यावर वर्गाचा तक्ता होता, बहुतेक सगळा हिरवागार, आणि त्यात मधोमध एक नारिंगी पट्टा वरपासून खालपर्यंत गेलेला. कुठल्याही संख्येला सातने गुणायचं आलं की जवळजवळ सगळा वर्ग अडत होता. उत्तरं चुकत नव्हती, पण उशिरा येत होती. पेंग्विनला नुसतं बरोबर उत्तर पुरत नव्हतं, ते वेळेत हवं होतं. त्याच्या हिशेबी चौथीचा वर्ग सातात कच्चा होता आणि कच्च्या वर्गाला भागाकाराचं फाटक उघडत नव्हतं.

शेजारच्या दोन्ही वर्गांचं फाटक केव्हाच उघडलं होतं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, त्यावरूनच बाईंनी ओळखलं की बातमी बरी नाही. सहामाहीपर्यंत फाटक उघडलं नाही तर तोंडी पाढ्यांचा तास बंद करून तो टॅबला द्यावा लागेल, असं त्यांनी आडवळणाने सांगितलं. तुमच्याबद्दल आदर आहेच, हे दोनदा सांगितलं. बाईंची निवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात होती. जाण्याआधी तो तास आपल्या डोळ्यांदेखत बंद व्हावा ही कल्पना त्यांना सोसेना, पण त्या एवढंच म्हणाल्या की बघते.

बघायचं म्हणजे काय, तर त्या साताच्या मागे हात धुऊन लागल्या. सकाळी सातचा पाढा, दुपारी सातचा पाढा, घरी जाताना जिन्यात सातचा पाढा. मुलं बिचारी घडाघडा म्हणत होती. टॅबवर बसली की पुन्हा पाढे पंचावन्न, आणि इथे तर ते अक्षरशः पाढ्यांच्याच बाबतीत. पेंग्विन जांभई द्यायचा आणि उजळणी म्हणून सात-सात बदकांचे थवे मोजायला लावायचा. चौथीतली मुलं बदकं मोजायला बसली की त्यांचे चेहरे बघवत नसत. बेकरीवाल्याच्या मुलीला तेवढी बदकं मोजावी लागत नव्हती. ती याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आली होती आणि तिचं सात पहिल्या दिवसापासून हिरवं होतं. बाकी ती गणितात काही फार मोठे तीर मारणारी नव्हती. सकाळच्या तासाला तर ती मध्येच एकटी पुढे पळायची आणि सगळे हसायचे.

शेवटी घाईने एक दिवस सगळी मुलं गेल्यावर स्वतःच टॅबसमोर बैठक मारली. मुलांचे प्रश्न स्वतः सोडवायला घेतले. तिचं सगळं आयुष्य सगळ्यांच्या आधी उत्तर देण्यात गेलेलं. थोड्या वेळाने ती खाली मान घालून बाईंकडे आली.

"बाई, मलासुद्धा बदकं मोजायला सांगतंय," ती म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. घाईला मात्र हसायला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ती मागच्या बाकावर येऊन बसली आणि पाढे संपेपर्यंत मोबाइलवर वर्गाचा आवाज टिपत राहिली. मधल्या सुट्टीत तिने बाईंना थांबवून घेतलं आणि मोबाइलवर सकाळचा आवाज लावला. वर्ग तेराचा म्हणत होता. तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. आणि मग काहीच नाही. पंख्याची कुरकुर ऐकू आली, खाली कुणीतरी बादली सरकवली ती ऐकू आली, बेकरीवाल्याच्या मुलीचं एकटीचं "तेरा साते" आणि त्यावर खसखस ऐकू आली. मग सगळा वर्ग एका दमात तेरा साते एक्क्याण्णव म्हणत पुढे निघाला.

घाईने बाराचा लावला. बारा सक बाहत्तर झालं आणि पुन्हा तसंच. नऊचा लावला, तिथेही तसंच. सहा झाले की सगळे थांबत होते, साताच्या अलीकडे, एक छोटासा श्वास घेऊन होईल एवढं.

"तुम्ही थांबता, बाई. म्हणून आम्ही थांबतो."

"मी कशाला थांबेन?" बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. ती जागा त्यांना कधी रिकामी वाटलीच नव्हती. पाढा असाच असतो, अशी त्यांची समजूत होती, आणि ज्या कुणाला त्यांनी पाढे शिकवले त्या सगळ्यांची तीच समजूत होती. इतक्या वर्षांत एकाही मुख्याध्यापकाला, एकाही तपासनिसाला, एकाही आईबापाला जे ऐकू आलं नाही ते त्या जांभया देणाऱ्या पक्ष्याने पकडलं होतं. बाईंना त्याचा राग आला आणि मनातल्या मनात थोडं कौतुकही वाटलं.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधी ताईला फोन लावला. ताई त्यांच्याहून मोठी, गुडघ्यांनी घरात बसवलेली, जिभेने मात्र अजून दहा घरं फिरून येणारी. बाईंनी काही न सांगता तिला तेराचा म्हणायला सांगितलं. ताईने आधी तब्येत विचारली, मग डोक्याची तब्येत विचारली आणि मग म्हटला. तेरा सक अठ्ठ्याहत्तर म्हणून ती थांबली. बाई फोन कानाला लावून भिंतीशी उभ्या राहिल्या. ताई पुढे साते, आठे, नवे करत दाह्याला पोचली आणि म्हणाली, झालं तुझं समाधान?

"ताई, तू सहानंतर थांबलीस."

"मग? तिथे आई दोरा तोडायची नाही का," ताई म्हणाली. "एवढंही विसरलीस, ठमे?"

बाई खुर्चीवर बसल्या. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी ते कधी वेगळं असं लक्षातच ठेवलं नव्हतं. आता मात्र सगळी खोली समोर उभी राहिली. खिडकीखाली पायाने चालवायचं शिवणयंत्र, त्याच्या एका बाजूला कापलेल्या बाह्यांची चळत, दुसऱ्या बाजूला शिवून झालेल्या बाह्यांचा ढीग. आई दिवसभर शर्टांच्या बाह्या शिवायची. नुसत्या बाह्या. अख्खा शर्ट तिच्या यंत्रावर कधी आला नाही आणि त्यावरून ती स्वतःच चेष्टा करायची की माझी गिऱ्हाइकं सगळी दंडापर्यंतच. दोघी बहिणी खाली सतरंजीवर बसायच्या. ताईकडे कात्री, कारण कडा सारख्या करायचं काम तिचं. धाकटीकडे काहीच नाही, म्हणून तिने पाढे म्हणायचे आणि आईने तिच्याबरोबर म्हणायचे, यंत्राच्या तालावर.

एका बाहीची टीप एकेपासून सुटायची आणि सहाला संपायची. मग यंत्र थांबायचं, आई वाकायची आणि दोरा दाताने तोडायची, कारण कात्री ताईकडे. दोरा तोंडात असताना बोलता येत नाही. दोघी बहिणी थांबायच्या, आईशिवाय पुढे जायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं तरी थांबायच्या. मग नवी बाही सुईखाली सरकायची, पाय पडायचा आणि आई म्हणायची, साते. त्या बाहीची टीप दाहे झाल्यावरही थोडी उरायची, ती संपवून मगच पुढचा पाढा नव्या बाहीवर सुरू व्हायचा. तेलाचा वास यायचा, नव्या कापडाच्या खळीचा वास यायचा. सगळ्या लहानपणात त्या दोघींना कुणी अभ्यासाला बस असं म्हटल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"ती थांबली की मला बरं वाटायचं," ताई फोनवर म्हणत होती. "तेवढ्यात माझी कड कापून व्हायची. तुझ्या मुलांना काय होतंय त्याने?"

बाईंनी तिला पेंग्विनचं सांगितलं. ताईने पेंग्विनबद्दल जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घाईला सगळं सांगितलं. घाई ऐकत राहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणजे मी कधी न पाहिलेल्या तुमच्या आईसाठी थांबत होते, असं काहीतरी ती पुटपुटली. मग तिने रात्रभर डोक्यात घोळवलेला उपाय पुढे केला. कार्यक्रमात सवलतीची एक सोय होती. मुलाच्या नावापुढे खूण केली की त्याला उत्तराला जास्त वेळ मिळत असे. सगळ्या वर्गाच्या नावापुढे ती खूण करायची, फाटक उघडेल, तास वाचेल, बाईंनाही काही बदलायला नको. कुणाला कळणारही नाही.

बाईंना आशा वाटली. खोटं कशाला बोला, चांगलीच वाटली. त्यांनी विचारलं, त्या खुणेला काय म्हणतात? घाई जरा घुटमळली. मग तिने टॅब वळवून दाखवला. खुणेपुढे लिहिलं होतं, संथ शिकणारा विद्यार्थी. आणि ती खूण एकदा केली की मुलाबरोबर पाचवीत जाणार होती, सहावीत जाणार होती, जिथे जिथे तो पेंग्विन असेल तिथे तिथे जाणार होती.

बाई पडद्यावरची नावं वाचत गेल्या. त्यांच्यासमोर एकेक चेहरा येत होता, फळ्यासमोर न बोलणारी ती दोन-तीन मुलंही आली, जी नुकतीच कुठे बोलायला लागली होती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आई माझी होती. तिचं ओझं ह्यांच्या डोक्यावर कशाला?"

मग बाईंनी न थांबता पाढे म्हणायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. सकाळी त्या कंबर कसून उभ्या राहायच्या, सहा जवळ आले की मनातून स्वतःला ढकलायच्या आणि तरी जीभ जागच्या जागी राहायची. कधी ढकलणं लवकर व्हायचं आणि सहाच गिळले जायचे. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणत असल्यामुळे सगळा वर्गच ठेचकाळायचा. असे आठ-दहा दिवस गेले आणि नारिंगी पट्टा होता तिथेच होता. सहामाही तोंडावर आली. घरी भांडी घासताना त्या एकट्या म्हणून बघायच्या आणि एकट्या असतानाही थांबायच्या.

एका सकाळी त्यांनी बेकरीवाल्याच्या मुलीला खिडकीपाशी बोलावलं आणि आपल्या जागी उभं केलं. तिला वाटलं, मध्येच पळण्याबद्दल शिक्षा झाली. बाई म्हणाल्या की आजपासून तू पुढे म्हणायचं, तुझ्या चालीने, अजिबात थांबायचं नाही, आणि ह्या सगळ्यांनी तुझ्या मागून यायचं. स्वतः त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. पोरीच्या तोंडाला वाचा फुटायला पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती अशी सुटली की वर्गाची तारांबळ उडाली. मुलं सहाला अडायची, ती पुढे गेलेली असायची, मुलं तिला गाठायला धावायची. त्यांना त्या धावण्याची मजा वाटायला लागली. हळूहळू अडणं कमी झालं, मग एखाददुसराच अडू लागला, मग तोही अडेना.

सहामाहीच्या आदल्या आठवड्यात घाई धावत वर आली. तिचं धावणं नवीन नव्हतं, पण या वेळी मुलंही तिच्या मागे धावत होती. फाटक उघडलं होतं. सगळ्यांचं. पेंग्विन टोपी घालून भागाकाराच्या अंगणात उभा होता आणि मुलं बाईंना ओढून ओढून दाखवत होती. मुख्याध्यापक स्वतः वर आले. पहिला तास जसा आहे तसाच राहील, त्यांनी सांगितलं, आणि बाईंनीच घ्यावा, निवृत्तीपर्यंत आणि जमलं तर नंतरही. या वेळी त्यांनी आदर एकदाच सांगितला आणि तो खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा खिडकीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. बेकरीवाल्याची मुलगी आपल्या बाकावर जाऊन बसली. बाईंना फार बरं वाटत होतं. त्यांनी तेराचा सुरू केला आणि वर्ग त्यांच्याबरोबर निघाला. तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

बाई थांबल्या. वर्ग थांबला नाही.

तेरा साते एक्क्याण्णव म्हणत तो त्यांच्यासमोरून पुढे निघून गेला, एकसुरात, कुठेही न अडखळता, आणि ती जागा बुजून गेली. बाईंनी मागून तोंड उघडलं, पण कुठे शिरावं ते त्यांना समजेना. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हा त्या रडल्या होत्या, सगळं रीतीने केलं होतं, यंत्रही कुणाला तरी देऊन टाकलं होतं. पण इतकी वर्षं रोज सकाळी अख्खा वर्ग तिच्यासाठी थांबत होता आणि आज कुणी थांबलं नाही. आई खरी गेली ती आज, असं बाईंना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मुलं दाह्याला पोचली आणि पुढचा कुठला घ्यायचा म्हणून बाईंकडे बघू लागली.

"चौदाचा घेऊ, बाई?" बेकरीवाल्याच्या मुलीने विचारलं.

"घ्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणा. मी ऐकते."